तालुका नसलेली पिंपरी

महाराष्ट्रात पिंपरी नावाची जेवढी म्हणून गावं आहेत, त्या सगळ्या गावांचा चहा प्यालेला माणूस एकच, आणि तो म्हणजे आमचे साडू. सगळ्या म्हणजे अगदी सगळ्या पिंपऱ्या झाल्या असतील का, हे मला छातीठोक सांगता येणार नाही. एखादी कुठं डोंगराच्या कुशीत राहून गेली असेल. तशी राहिली असेल तर तिनं आपलं नशीब फुटकं समजावं, कारण असा पाहुणा तिला पुन्हा मिळायचा नाही. नव्वदच्या दशकातली बरीचशी वर्षं या गृहस्थांनी रजा, सुट्ट्या आणि माझी सहनशक्ती खर्चून पिंपऱ्या पालथ्या घातल्या. कशासाठी? तर एका माणसासाठी. आणि तो माणूस मरून शंभराच्या आसपास वर्षं झाली असावीत.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्कांचे यजमान. राहायला अंथुर्ण्याला, नोकरी इंदापूरच्या एस.टी. स्टँडवर, वाहतूक नियंत्रकाची. सोलापूरच्या रस्त्यावरचं स्टँड, त्यामुळं रात्रंदिवस गाड्यांची ये-जा, आणि प्रत्येक गाडीच्या स्वागताला कर्ण्यातून साडूंचा आवाज. तो आवाज ड्यूटी संपल्यावर कर्ण्यातच ठेवून यायची पद्धत असती तर अक्कांवर उपकार झाले असते. पण तो घरी येई. 'ऐका, ऐका' असं दोनदा म्हटल्याशिवाय त्यांना घरातसुद्धा बोलता येत नसे. 'ऐका, ऐका, माझा टॉवेल कुठं हाय' हे वाक्य अंथुर्ण्यात चार घरं पलीकडं ऐकू जाई आणि एखादी शेजारीण 'दोरीवर हाय बघा' असं तिकडूनच उत्तर देई. माणूस सरळ, निर्व्यसनी, आणि डोक्यात सगळ्या राज्याचं वेळापत्रक. तुमच्या मुलाचं नाव विचारलं तर विसरतील, पण त्याच्या सासरवाडीला जाणारी मुक्कामी गाडी किती वाजता सुटते ते झोपेत सांगतील.

या गृहस्थांचं दुखणं काय, ते मला माझ्या छापखान्यात कळलं. माझा बारामतीत मंडईच्या मागं लहानसा छापखाना होता, आणि लग्नसराईत पत्रिका छापता छापता आमच्या नाकी नऊ यायचे. आमच्या भागातली पत्रिका म्हणजे अर्धी लग्नाची आणि अर्धी भावकीची. वधूवरांची नावं एकदा कशीबशी उरकली की खाली 'आपले विनीत' म्हणून जी नावांची रांग लागते ती कागद संपला तरी संपत नाही; एखादा चुलता राहिला तर मांडवात रुसून बसतो आणि मालक येऊन माझा गळा धरतो. आणि साडूंच्या थोरल्या मुलीची पत्रिका आली तेव्हा विनीत म्हणून नावं दोनच, साडू आणि साडूंचे वडील तात्या. खाली सगळा कागद कोरा. मी म्हटलं, गणपती मोठा घेऊ, वेलबुट्टी टाकू, भरून काढू. साडूंनी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, तुमचं नाव टाका. मी म्हटलं, अहो मी मुलीचा मावसा, मी आजोळचा, मी विनीतात कसा बसेन? ते म्हणाले, मग शेजाऱ्यांचं टाका. शेवटी किलबिल म्हणून अक्कांच्या माहेरची सगळी भाचरंडं घातली, त्यात एक दात न आलेलं होतं, तेव्हा कुठं कागद भरला. पण साडूंनी पत्रिकेचा गठ्ठा उचलताना वरचा गणपती पाहिला नाही, खालचीच जागा पाहत होते.

त्यांच्या घराला भावकीच नव्हती. कॅनॉल झाला त्या काळात तात्यांचा आजा कुठून तरी बैलगाडी घेऊन अंथुर्ण्याला आला आणि राहिला, एवढाच घराण्याचा इतिहास. पुढं प्रत्येक पिढीला एकेकच मुलगा. तात्या एकटे, साडू एकटे, साडूंना तर दोन्ही मुलीच. गाव वाईट नव्हतं. पण गावातल्या मोठ्या भावकीतले एक आबा होते, ते चेष्टेत का होईना पण चारचौघांत म्हणायचे, 'तुमी कॅनॉलच्या पाण्यासंगं आल्यालं, पाणी आटलं की जाताल.' हसायचं म्हणून साडू हसायचे. तात्या हसत नसत. तात्यांचं दुःख वेगळंच होतं आणि ते त्यांनी मला एकदा ज्वारीच्या खळ्यावर बसून सांगितलं. त्यांचे वडील गेले तेव्हा सगळा गाव खांद्याला आला, लाकडं गावानं दिली, पिठलं-भाकरी गावानं आणली. पण दुसऱ्या दिवशी सण होता, आणि तात्या डोकं भादरून एकटे ओट्यावर बसले असताना सगळ्या आळीतून तळणाचा वास येत होता. कुणाची चूक नव्हती. त्यांना सुतक नव्हतं, त्यांनी सण का करू नये? तात्या म्हणाले, 'गाव खांदा देतं, पावणं. पर सुतक भावकीच धरती. मी मेलो की सुतक ह्या एकाच घराला. आळीत तळण चालू.'

एवढंच त्या म्हाताऱ्याला हवं होतं. आपण गेलो तर दूर कुठं तरी दहा घरांची चूल त्या दिवशी गोडाधोडाची पेटू नये. साडूंनी तात्यांच्या पायाला हात लावून शब्द दिला की तुमचे पाय चालते आहेत तोवर तुम्हाला आपल्या मूळ गावात नेऊन उभं करतो. शब्द देणं सोपं असतं. साडूंच्या हातात तेव्हा तात्यांच्या आज्याचं नाव होतं, राणोजी, आणि बाकी सगळा अंधार.

जुने कागद मोडीत असतात असं कुणी तरी सांगितल्यावर या माणसानं पन्नाशी उलटल्यावर मोडी शिकायला घेतली. पुण्याहून एक पुस्तक आणलं आणि गाडी येणं-जाणं यांच्या मधल्या वेळात स्टँडवरच्या केबिनमध्ये गिरवायला सुरुवात केली. शिकले ते शिकले, पण एकदा मोडी यायला लागल्यावर त्यांना देवनागरीची किळसच आली. किराण्याची यादी मोडीत. दुकानदार बिचारा देवभोळा, त्याला वाटलं काही तरी मंत्र आहे. त्यानं यादी कपाळाला लावून गल्ल्यात ठेवली आणि अक्कांना तोंडी विचारून माल दिला. मला दिवाळीचं शुभेच्छापत्र मोडीत आलं. ते मी सरळ धरलंय की उलटं, हे ठरवण्यात आमचा पाडवा गेला. माझ्या छापखान्यात येऊन मोडीचे खिळे का ठेवत नाही म्हणून त्यांनी माझी खरडपट्टी काढली. मी म्हटलं, साडू, वाचणारे तुम्ही एकटे, तुमच्यासाठी खिळे पाडून घेऊ का? तर म्हणाले, घ्या की, नात्यात एवढंबी करणार न्हाय?

मग इंदापूरच्या कचेरीतल्या जुन्या दप्तरांकडं त्यांचा मोर्चा वळला. रीतसर अर्ज केले, परवानगी काढली, आणि रात्रपाळी संपली की घरी न जाता तिथं जाऊन बसायला लागले. सोबत नाकाला बांधायला पंचा, धूळ झटकायला जुनं धोतर आणि अक्कांनी दिलेले शेंगदाण्याचे लाडू. दप्तर उघडलं की साडू शिंकायचे, आणि त्यांची शिंक त्यांच्या आवाजाला शोभेल अशीच होती. तिथला कारकून आधी वैतागायचा, मग लाडू खायला लागला, आणि शेवटी त्यालाही रोग जडला. 'आमच्याबी आज्याचं काय घावतंय का बघा' म्हणून तो समोर येऊन बसायचा. अशी कित्येक महिने शिंका आणि लाडूंची उठबस झाल्यावर एके दुपारी साडू माझ्या छापखान्याच्या दारात उभे. अंगभर धूळ, डोळे लाल, हातात कागदाची नक्कल. ऐका, ऐका म्हणायलासुद्धा विसरले. नकलेत लिहिलं होतं, राणोजी बिन सखोजी, राहणार मौजे पिंपरी, हल्ली वस्ती मौजे अंथुर्णे. मी आनंदानं त्यांना मिठी मारली. अर्ध्या मिनिटानं आम्हा दोघांच्याही एकदमच लक्षात आलं की तालुका लिहिलेला नाही.

त्या दिवसापासून ज्या कारकुनानं ती नोंद केली त्याच्या मागं साडू हात धुऊन लागले. बिचारा कधीच मातीला मिळालेला. पण साडू त्याच्यावर असे चिडायचे जणू तो पलीकडच्या टेबलाशी बसलाय. एक शब्द, नुसता एक शब्द लिहायला याची काय शाई संपली होती का? दोन वर्षं माझ्या घरी जेवायला आले की पहिला घास त्या कारकुनाच्या नावानं चडफडत. आमची ही म्हणायची, दाजी, जेवताना तरी मेलेल्याला शिव्या देऊ नका. तर म्हणायचे, तो जिता असता तर दिल्या नसत्या, समोर बसवून तालुका विचारला असता.

पण माणूस एस.टी.चा. वाट न माहीत असलेल्या गावाला जाणं हा त्याचा धंदा. स्टँडवर येणाऱ्या प्रत्येक परगावच्या ड्रायव्हर-कंडक्टरला एकच प्रश्न, तुमच्याकडं पिंपरी हाय का? हाय असंच उत्तर यायचं. आमच्या देशात दगड मारला तर तो एक तर पिंपरीत पडतो नाही तर वडगावात. पिंपरी बुद्रुक, पिंपरी खुर्द, नदीकाठची पिंपरी, डोंगरावरची पिंपरी. नुसत्या पिंपरीवर भागत नव्हतं तर एकानं पिंपळगाव सांगितलं, त्याला साडूंनी मोडीत शिव्या दिल्या असाव्यात. साप्ताहिक सुट्टी आली की पिशवी काखोटीला मारून निघाले. आणि तिथंच एक गोष्ट त्यांच्या लक्षात यायला हवी होती, ती आली नाही. खेड्यात परका माणूस कागद घेऊन कूळ-मूळ विचारत येतो तो दोनच कामांसाठी, सोयरीक जुळवायला नाही तर जमिनीत हिस्सा मागायला. साडूंच्या ध्यानीमनी यातलं काहीच नव्हतं. एका पिंपरीत त्यांनी देवक काय, कुलदैवत कुठलं, घराणं कुठून आलं असं विचारायला सुरुवात केली, तर त्या लोकांनी त्यांना मानानं घोंगडीवर बसवलं, पोहे आणले आणि पोह्यांच्या मागोमाग डोक्यावर पदर घेतलेली मुलगी. साडूंनी पोहे अर्धे संपवल्यावर त्यांना उमजलं. पण मुलगी गुणी होती. परत आल्यावर त्यांनी डेपोतल्या एका लग्नाच्या वयाच्या मेकॅनिकला गाठलं, आणि ती पत्रिका मीच छापली.

माणदेशातली पिंपरी निघाली ती फार पुढं. ऐन थंडीत साडू तिथं उतरले. देवळाच्या पायरीवर मंडळी बसली होती, राम राम झाला, चहा सांगितला गेला. साडूंनी पिशवीतून कागद काढला आणि नेहमीप्रमाणं विचारलं, हितं पूर्वी राणोजी म्हणून कुणी व्हतं का? दुसऱ्या गावांत हा प्रश्न विचारला की लोक डोकं खाजवायचे, म्हाताऱ्यांना हाका मारायचे, बघाय लागंल म्हणायचे. इथं साडूंचं वाक्य पुरं व्हायच्या आत सगळी पायरी म्हणाली, न्हाय. एकजण म्हणाला, असं नावच आमच्यात ठेवत न्हाईत. दुसरा म्हणाला, असा कुणी नव्हताच. आणि ज्याला कुणी विचारलं नव्हतं असा एक गृहस्थ समोरच्या ओट्यावरून ओरडला, आन त्यो निपुत्रिक मेला! खाई त्याला खवखवे म्हणतात ते असं. आलेला चहा अर्ध्या वाटेवरून परत आत गेला. तो दुसऱ्या खेपेला मिळाला, म्हणून माझं सुरुवातीचं विधान खोटं ठरत नाही. तेवढ्यात खांद्यावर फावडं टाकलेला एक गडी शेताकडनं आला आणि भर पायरीसमोर उभा राहून विचारता झाला, 'राणोजीतलं पाणी झालं. आता कुठं लावू?'

साडू सांगत होते की देवळातली पालसुद्धा चुकचुकली नाही. राणोजी हे एका शेताचं नाव होतं. गेलेला भाऊ जमीन टाकून गेला, मागच्यांनी ती कसली, पण नाव काही बदललं नाही. साडूंच्या जागी दुसरा कुणी असता तर तिथंच बाह्या सरसावून उभा राहिला असता. साडूंनी सगळ्यांना हात जोडले, आल्या पावली एस.टी. धरली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या छापखान्यात येऊन सगळ्या मंडईला ऐकू जाईल असं सांगितलं की गाव सापडलं. मी विचारलं, कुणी सांगितलं? म्हणाले, कुणीच न्हाय. समद्यांनी न्हाय म्हणून सांगितलं. मग चेहरा उतरला. खिळ्यांच्या पेटीशेजारी स्टुलावर बसले आणि म्हणाले, 'साडू, ती माणसं मला भ्याली. चुलतं-मालतं माझं, आन माझी पिशवी बघून त्यांनी चा माघारी धाडला. असली भावकी घावून काय उपेग?'

त्यावर त्यांनी जो तोडगा काढला तो फक्त त्यांनाच सुचू शकतो. आमच्याकडं माणसं हात-दीड हात बांधासाठी पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. साडू मला घेऊन बारामतीच्या एका वकिलाकडं गेले आणि म्हणाले, मला हक्कसोडपत्र करायचं हाय. वकिलानं विचारलं जमीन कुठली, गट कुठला, क्षेत्र किती. साडू म्हणाले, ठाऊक न्हाय. वकिलानं चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. मी नजर खाली घातली, दुसरं काय करणार. पण कागद झाला. हक्क तात्यांचा, तेव्हा सही तात्यांची हवी, आणि तात्या म्हणजे शेजारच्या बांधावरच्या एका बाभळीसाठी उभी हयात भांडलेला माणूस. आम्हाला वाटलं इथं घोडं अडणार. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, किती हाय म्हणं जमीन? साडू म्हणाले, ते बी इचारलं न्हाय. तात्या म्हणाले, नगंच इचारू. कळली तर सुटायची न्हाय माझ्यानं.

आम्ही तिघं निघालो. तात्यांनी धुवट धोतर, नवा फेटा आणि लग्नातला कोट घातला होता, त्या उन्हात कोट! गाडी बदलताना प्रत्येक स्टँडवर साडूंच्या ओळखीचा नियंत्रक निघायचा आणि तात्यांना खुर्ची मिळायची. मी साक्षीदार म्हणून होतो. पिंपरीत उतरलो तसं पायरीवरच्या मंडळींनी साडूंना ओळखलं, आणि या खेपेला सोबत म्हातारा वारस आणि एक चष्मेवाला माणूस, म्हणजे मी, बघून हे हिस्सा मागायलाच आलेत अशी त्यांची खात्री पटली. बघता बघता सगळी भावकी गोळा झाली. एकानं पोत्यात गुंडाळलेले सातबारे आणले. आणि साडू उठून उभे राहिले. 'ऐका, ऐका,' म्हणाले, आणि स्टँडवरची गाडी पुकारावी तसा तो स्टँप पेपर वाचायला लागले. सदर मिळकतीत आमचा वा आमच्या वारसांचा कोणताही हक्क, हिस्सा वा हितसंबंध नाही व पुढेही राहणार नाही. शेतातली माणसंसुद्धा औत थांबवून ऐकत होती. वाचून झालं, तात्यांनी सही केली, मी खाली माझी केली. आणि भावकीच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल म्हणून पाहतो तर तिथं जास्तच संशय. फुकट सोडतोय म्हंजी ह्यात नक्की काय तरी हाय. कागद एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात, उलटा करून, उन्हाकडं धरून. कोर्टात फार वावरलेला एकजण म्हणाला, रजिस्टर केल्याबिगर ह्याला किंमत न्हाय. साडू म्हणाले, उद्या चला तालुक्याला, रजिस्टर करतो. शेवटी एकानं न राहवून विचारलं, मग तुमाला पायजे तरी काय?

साडू तोंड उघडणार तेवढ्यात तात्यांनी हातानं त्यांना थांबवलं. कोटाची गुंडी लावली, उठून उभे राहिले आणि म्हणाले, 'जमीन र्‍हाऊ द्या. मी आता लई दिस न्हाय. माझं सुतक धराल का?'

मग समोरच्या घराच्या दारातून एक म्हातारी काठी टेकत बाहेर आली. तिला सगळे जिजी म्हणत होते, भावकीतलं सगळ्यात जुनं माणूस. ती पुरुषांच्या मधून सरळ तात्यांपर्यंत आली, त्यांच्या तोंडाकडं बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, 'राणोजीचा नातू व्हय रं तू? आरं, रोज तुझ्या आज्याचं नाव घेतोय आमी. राणोजीत पेरलं, राणोजीत पिकलं. सुतक का धरायचं न्हाय? धरू की. पर मग तुमालाबी आमचं धराय लागंल बाबा, आन आमी लई हाय.' आणि तिनं तात्यांना हाताला धरून घरात नेलं. दुपारी सगळ्यांना घेऊन ती मंडळी राणोजीत गेली. हरभऱ्याचं रान नुकतंच मोकळं झालं होतं. तात्यांनी पायातल्या वहाणा बांधावरच काढल्या आणि रानातून सावकाश चालत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. साडू माझ्या शेजारी उभे होते. त्यांची छाती एवढी फुगली होती की मला शर्टाच्या गुंड्यांची काळजी वाटली.

जिजींनी सांगितलं होतं की आम्ही फार आहोत, त्याचा अर्थ आम्हाला पुढं कळला. पिंपरीत कुणी गेलं की ड्रायव्हरांच्या तोंडून निरोप इंदापूरला यायचा आणि अंथुर्ण्याच्या त्या घरात सुतक लागायचं. एवढी मोठी भावकी, त्यात म्हातारी माणसं पोत्यानं. त्या वर्षी अक्कांचा एक सण धड झाला नाही. पुरण शिजून वाटायला घ्यावं आणि दारात कंडक्टर निरोप घेऊन उभा. ते पुरण आमच्याकडं बारामतीला यायचं, त्यामुळं आमच्या घरी पोळ्या भरपूर झाल्या. अक्का कपाळाला हात लावून म्हणायच्या, घावली बाई एकदाची भावकी. पण साडूंचा थाट विचारू नका. छापखान्याच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून, पोरगा बोर्डात आल्यासारखं तोंड करून पुकारायचे, शिवू नका हं साडू, आमाला सुतक हाय! अंथुर्ण्यातल्या त्या आबांना तर ते मुद्दाम वाट वाकडी करून सांगायला जायचे. धाकट्या मुलीच्या लग्नात पिंपरीकरांनी ट्रक भरून गर्दी केली आणि विनीतांची नावं एवढी आली की मला बारीक खिळे वापरावे लागले, तरी एक चुलता राहिलाच. तो मांडवात रुसून बसला. साडू त्याची समजूत घालायला गेले ते असे आनंदानं गेले की बघणाऱ्याला वाटावं, यांनीच त्याला रुसायला बोलावलंय.

दोन-अडीच वर्षांनी, माघात, तात्या गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास दिला नाही. निरोप ड्रायव्हरांच्या तोंडूनच गेला. पिंपरीची मंडळी सावडायला पोचली आणि दहाव्यापर्यंत ये-जा करत राहिली. दहाव्याला कॅनॉलच्या कडेला भादरलेल्या डोक्यांची रांग बसली होती, एवढी की न्हाव्याला आणखी एक जोडीदार बोलवावा लागला. त्या रांगेत जिजींचा एक नातू होता, पंचविशीचा. कुणीतरी बोलता बोलता साडूंना सांगितलं की त्याच आठवड्यात त्याचं लग्न होतं, मांडवाच्या मेढी रोवून झाल्या होत्या, सामान भरलं होतं, आणि निरोप पोचल्यावर सगळं पुढं ढकललं. साडूंना हे ठाऊक नव्हतं. ते त्या पोराजवळ गेले आणि ज्या माणसाला हळू बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं, तो अगदी हळू म्हणाला, बाळा, आमच्यापायी तुझा खोळंबा झाला रं. तो पोरगा आपल्या ओल्या डोक्यावरून हात फिरवत होता. त्याला हे बोलणंच कळलं नाही.

'आमच्यापायी म्हंजी?' तो म्हणाला. 'घरात आजा मेल्यावर लगीन कोण करतंय?'

साडू त्याच्याकडं बघत राहिले. मग त्याच्या शेजारीच, त्या रांगेत, खाली बसले.